पन्नासांपैकी सत्तावीस

एका कागदाविषयी या महिन्यात लिहावयाचे आहे. कागद अमेरिकेतील ओहायो राज्यातून आला आहे, दोन परीक्षकांच्या हस्ताक्षरांतला आहे, आणि ज्या वस्तूची त्यात परीक्षा झाली आहे ती वस्तू म्हणजे घरी तयार केलेली बिअर. एवढे वाचून काही वाचक पान उलटतील, हे आम्ही जाणून आहोत. माळकरी घरे आमच्याही गोतात आहेत आणि त्यांच्या संकोचाचा आम्हांस आदर आहे. त्यांस विनंती इतकीच, की पेय बाजूला ठेवावे व परीक्षा तेवढी पाहावी. मुलखापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांतून पापड, लोणची, मसाले, दिवाळीचे जिन्नस कोठे ना कोठे परक्यांपुढे मांडले जातातच. आपल्या हातच्या वस्तूवर परक्या जिभेने काय लिहिले आणि ते कसे वाचावे, हा प्रश्न त्या सर्वांचा आहे.

प्रथम कायद्याचे सांगून टाकू, म्हणजे गैरसमज नको. आपल्याकडे हा उद्योग घरी करता येत नाही. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा, दोन्ही परवान्यावाचून मद्य तयार करण्यास मनाई करतात. तेव्हा खजुरीत किंवा उमरग्यात बसून कोणी याचा प्रयोग करू नये. गंमत अशी, की कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्षाची कामे सांगताना कुटुंबवत्सल गृहस्थांना मंगलकार्याच्या वेळी श्वेतसुरा करण्याची मोकळीक दिली आहे आणि उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सवलतही ठेवली आहे. अमेरिकेला तेवढी सवलत द्यावयास १९७८ साल उजाडले. त्या वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरच्यापुरती बिअर करण्यावरील मध्यवर्ती सरकारचा कर उठला. मर्यादा एकट्या प्रौढास वर्षाला शंभर गॅलन व एकाहून अधिक प्रौढांच्या घरास दोनशे गॅलन. विकावयाची मात्र नाही. राज्यांनी आपापल्या सवडीने हे मान्य केले. अलाबामा व मिसिसिपी ही शेवटची दोन राज्ये २०१३ साली वठणीवर आली. इंग्लंडात परवान्याची अट १९६३ सालीच गेली होती आणि तेथील खेड्यापाड्यांच्या प्रदर्शनांत मुरंब्यांच्या शेजारी घरगुती मद्येही मांडण्याची चाल पडली.

ज्याच्या बिअरची ही हकीकत, तो आमचा भाचा. बहीण बीदर जिल्ह्यातील भालकीकडे दिली. तिचा हा धाकटा. नोकरीनिमित्त दहा वर्षे तिकडे आहे. शेजाऱ्याच्या नादाने त्याने मोटार ठेवण्याच्या खोलीत पातेली, नळ्या, तापमापक असा संसार मांडला. कृती थोडक्यात अशी. जवाला मोड आणून वाळवला म्हणजे माल्ट होतो. तो भरडून ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावयाचा. मोड येताना धान्यात निपजलेली पाचके पिठुळाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून घ्यावे, उरलेला चोथा गरम पाण्याने धुऊन त्यातली साखरही घ्यावी. मग हॉप्स नावाची कडवट फुले घालून तासभर खळखळा उकळावे, निववून यीस्ट सोडावे आणि दोनतीन आठवड्यांनी, बाटलीपुरती साखर घालून, बुचे दाबावीत. आपल्या घरी नाचणीचे सत्त्व करणाऱ्या बाईला यातले अर्धे काम ओळखीचे वाटेल.

भाच्याने मात्र त्यात ज्वारी घातली. साठ भाग जवाचा माल्ट आणि चाळीस भाग पांढरी ज्वारी, तेथील भारतीय किराणा दुकानातून आणलेली. कारण विचारले तर म्हणाला, "मामा, सगळेच जवाची करतात. आपल्या घरचं धान्य ज्वारी." गुलबर्गा-बीदरच्या काळ्या रानात वाढलेल्या मुलाला याहून निराळे कारण लागत नाही. (जिल्ह्याचे नाव २०१४ पासून कलबुरगी झाले आहे, आमच्या लेखणीला अजून सवय नाही.)

आता स्पर्धेची व्यवस्था. १९८५ साली अमेरिकेत बिअरच्या परीक्षकांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी एक संस्था निघाली. बी.जे.सी.पी. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. आज इतर देशांतल्या स्पर्धाही तिचेच नमुने वापरतात. परीक्षकालाच तेथे परीक्षा द्यावी लागते आणि त्याचे गुण व त्याचा अनुभव पाहून पायऱ्या ठरतात, ही गोष्ट आमच्या मनात फार भरली. आपल्याकडील गायनापासून रांगोळीपर्यंतच्या कित्येक स्पर्धांत परीक्षकाची पात्रता म्हणजे त्यास अध्यक्षांशेजारची खुर्ची मिळणे एवढीच असते.

बाटलीवर नाव, चिठ्ठी, खूण काही चालत नाही, केवळ क्रमांक. एका वस्तूस निदान दोन परीक्षक. ते शेजारी बसतात, पण आपापला कागद भरून होईपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. नंतर आकडे ताडून पाहतात व अंतर फार पडले तर चर्चा करून जवळ येतात. एकूण गुण पन्नास. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात लागणाऱ्या अंगाला पाच आणि एकंदर ठशाला दहा. पंचेचाळीस वा त्याहून वर गेलेली वस्तू लोकोत्तर. अडतीस ते चव्वेचाळीस उत्कृष्ट. तीस ते सदतीस फार चांगली. एकवीस ते एकोणतीस चांगली, पण प्रकाराला धरून नाही किंवा लहानसे दोष आहेत अशी. अगदी बिघडलेल्या वस्तूलाही तेराच्या खाली सहसा नेत नाहीत. कोणी कष्टाने केले आहे, ही त्यातली माणुसकी. कागदाच्या कडेला दोषांची ठरीव नावे छापलेली असतात, त्यांपुढे खूण करावयाची. आणि मधल्या कोऱ्या ओळींत काय जाणवले ते वाक्यांनी लिहावयाचे. परीक्षक बिनपगारी असतात. एका बैठकीत आठदहा नमुने चाखून प्रत्येकावर पानभर लिहिणे हे काही चैनीचे काम नव्हे.

भाच्याच्या कागदावर एकाने सव्वीस दिले, दुसऱ्याने अठ्ठावीस. सरासरी सत्तावीस. पहिल्याची फोड अशी: वास सहा, रूप दोन, चव अकरा, अंग दोन, एकंदर पाच. दुसऱ्याने वासाला व अंगाला एकेक गुण अधिक दिला, बाकी तेच. दोघांनीही लिहिले, की बिअर पातळ आहे, तुरट आहे, आणि ज्या धान्याचे नाव सांगितले आहे ते कच्च्या पिठाच्या चवीखेरीज कोठे जाणवत नाही. पहिल्याने लोण्याच्या वासापुढे खूण केली होती. दुसऱ्याने ती केली नव्हती. त्याने शिळेपणापुढे केली होती आणि शेजारी लिहिले होते, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास.

या कागदाने भाचा खचला. सामान विकून टाकतो म्हणाला. खरे तर सत्तावीस गुणांत खचण्याजोगे काही नव्हते. पण आपली पिढी काय नि त्याची काय, गुणपत्रिका पाहिली की शाळेतला बाक आठवतो. चौपन्न टक्के म्हणजे सेकंड क्लास, हा हिशेब बहिणीनेही क्षणात केला. तिला खरे लागले ते निराळेच. ज्वारी घातली आणि ज्वारी जाणवत नाही असे लिहिले. वर तुरट म्हणाले. "आमच्या ज्वारीला तुरट म्हणणारे ते कोण?" हा तिचा प्रश्न. ती वस्तू तिने डोळ्यांनी पाहिलेली नाही, जन्मात चाखणार नाही, तिचे नावही ती घेत नाही. 'त्याचे ते पाणी' एवढेच म्हणते. पण ज्वारीचा अपमान तिला सहन होईना.

येथे आमच्याकडील एका रिवाजाची आठवण देणे अगत्याचे आहे. मार्गशीर्षातील अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुरगीपर्यंतचा सारा सीमाभाग रानात जेवतो. आम्ही तिला येळवस म्हणतो. शेतात कडब्याची खोप, त्यात पूजा, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी आणि मडक्यातील आंबील. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली ही आंबील घरोघरची निराळी. एका रानातून दुसऱ्या रानात बोलावणी होतात आणि प्रत्येक ठिकाणी घोट घ्यावाच लागतो. परीक्षा तेथेही चालतेच, आणि ती फार कडक असते. पण तिची भाषा प्रश्नाची. "यंदा ताक गोडं होतं का गं?" असे विचारले, की आंबील आंबली नाही हे सांगून झाले. "लसूण घरचा वाटतं?" म्हणजे लसूण जास्त पडला. "आम्हांला आणखी नको, पोट भरलं," याचा अर्थ सांगावयास नको. ऐकणारीला सर्व कळते, आणि न कळल्याचे दाखविण्याची सोयही राहते. ओहायोच्या कागदात ती सोय नाही. तेथे प्रश्न नाही, विधान आहे. आणि विधानाशेजारी आकडा आहे. आपल्या माणसांना परदेशी परीक्षकांचे बोलणे उद्धट वाटते त्याचे निम्मे कारण हेच असावे. तो मनुष्य उद्धट नसतो; त्याच्या समाजात दोष सांगण्याची रीतच उघडी आहे.

पण उघड्या रीतीलाही शब्द लागतात, आणि त्या शब्दांचे घर माहीत नसले तर अनर्थ होतो. लोण्याच्या वासाचेच पाहा. बहीण म्हणाली, "लोण्याचा वास येतो म्हणजे चांगलंच की!" तिचे काय चुकले? ताज्या लोण्याला जो वास असतो तो ज्या द्रव्याने येतो, तेच हे द्रव्य. डायअसिटिल त्याचे नाव. दह्यालोण्यात ते हवे असते. काही इंग्लिश व चेक प्रकारच्या बिअरमध्येही किंचित चालते. इतरांत तो दोष. यीस्ट काम करताना त्याचे पूर्वरूप बाहेर टाकते आणि काम संपत आल्यावर स्वतःच ते परत शोषून घेते. घाईने यीस्टवरून काढून बाटलीत भरले, तर वास मागे राहतो. तेव्हा परीक्षकाने 'लोणी' असे लिहिले, त्याचा अर्थ 'तू घाई केलीस' असा वाचावयाचा.

तसेच इतर शब्दांचे. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला, तर पातेले झाकून किंवा मंद आचेवर उकळले. फिक्या माल्टमधून निघणारे एक गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर उडून जावयास हवे होते, ते झाकणाला अडून परत पडले. हिरव्या सफरचंदाचा वास आला, तर पुन्हा घाईच. यीस्टचे काम अपुरे राहिले. आपल्याकडे हिरवे सफरचंद कोण हुंगतो? आम्ही भाच्याला कापलेल्या कैरीच्या सालीची आठवण ठेव म्हणून सुचविले. तंतोतंत तोच वास नव्हे, पण मनाला धरावयास काही तरी हवे. जखमेवरच्या औषधी पट्टीचा वास आला, तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन अंगाशी आला. पाणी क्लोरीनविरहित करून घेतले की तो जातो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीला ऊन लागले, की हॉप्समधील द्रव्ये बिघडून अमेरिकेतील स्कंक नावाच्या दुर्गंधी प्राण्याची आठवण करून देणारा वास सुटतो. तो प्राणी आपण पाहिलेला नाही, तेव्हा तपकिरी बाटली वापरावी आणि त्या उपमेच्या वाटेला जाऊ नये.

आणि तुरटपणा. या शब्दावर आम्ही अंमळ थांबतो, कारण येथे मराठी माणूस इंग्रजांहून श्रीमंत आहे. कडू आणि तुरट यांत त्यांच्याकडील नवख्या पिणाऱ्याची नेहमी गल्लत होते, म्हणून परीक्षकांना तो भेद शिकवावा लागतो. आपल्या षड्रसांत कटु, तिक्त आणि कषाय हे पहिल्यापासून वेगळे. ज्याने लहानपणी कच्चे जांभूळ चावले, हिरडा चघळला किंवा सुपारीचे कच्चे खांड तोंडात धरले, त्याला तुरटपणा ही चव नसून जिभेची नि गालांची ओढ आहे हे कोणी सांगावयास नको. बिअरमध्ये ती येते धान्याच्या टरफलातील टॅनिनमुळे. लाल-तपकिरी ज्वारीच्या काही जातींत टॅनिन पुष्कळ असते, पाखरे ती टाळतात. आपल्या पांढऱ्या ज्वारीत ते नगण्य. मग भाच्याच्या बिअरला तुरटपणा आला कोठून? ज्वारीला जवासारखे टरफल नसते, त्यामुळे गाळताना चोथ्याचा लगदा होऊन पाणी अडते. ते मोकळे राहावे म्हणून त्याने भाताचे तूस मिसळले होते, आणि शेवटचे धुणे केले उकळत्या पाण्याने. चोथा धुण्याचे पाणी पंच्याहत्तर-सत्त्याहत्तर अंशांच्या वर जाऊ द्यावयाचे नसते. गेले तर टरफलातला नि तुसातला सारा तुरटपणा उतरतो. म्हणजे परीक्षक खोटे बोलले नाहीत, आणि ज्वारीही निर्दोष सुटली. बहिणीला हे कळविले तेव्हा तिचा अर्धा राग गेला.

उरलेला अर्धा तिनेच घालविला. पातळपणा आणि कच्चे पीठ या दोन शेऱ्यांचा उलगडा भाच्याला होईना. कृती तर त्याने पुस्तकाबरहुकूम केली होती. ज्वारी भरडून त्याने जवाच्या माल्टबरोबर ६६ अंशांच्या पाण्यात सोडली होती. फोनवर हे ऐकताच बहीण म्हणाली, "अरे, मग कण्या शिजवल्याच नाहीस की! कोमट पाण्यात भिजवून कण्या होतात होय?"

आम्ही नंतर पडताळून पाहिले. तिचे बोलणे अक्षरशः खरे. जवाचे पिठुळ साधारण ६० ते ६५ अंशांना फुलून मऊ होते, म्हणून ६६ अंशांचे पाणी त्याला पुरते. ज्वारीच्या पिठुळाला त्याहून पुष्कळ अधिक ऊन लागते, सुमारे ६८ ते ७८ अंश. फुललेच नाही तर पाचके त्याला शिवू शकत नाहीत. साखर कमी पडते, अंग पातळ होते, आणि कच्चे पिठुळ गढूळपणा नि पिठाची चव होऊन पेल्यात उतरते. उपाय म्हणजे ज्वारी अगोदर वेगळ्या पातेल्यात मऊ शिजवून घ्यावयाची आणि मग माल्टमध्ये मिसळावयाची. जगातील मोठे कारखाने मका-तांदूळ असेच शिजवून घेतात. आमच्या बहिणीने ते कण्यांच्या पातेल्यावरून सांगितले. परीक्षकांना दोष दिसला होता, कारण सांगता आले नव्हते. पुस्तकाला कारण माहीत होते, पण ते जवाचे पुस्तक होते.

मोड आणलेली ज्वारी वापरावी का, असेही त्याने विचारले होते. तेथे आम्ही त्यास सावध केले. कोवळ्या ज्वारीची धाटे खाऊन जनावर दगावते हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असावयास हवे; तेच विष-बीज मोडांच्या कोंबांत नि मुळ्यांत असते. कोंब-मुळ्या पूर्ण वाळवून, चोळून काढून टाकल्यावाचून त्या वाटेला जाऊ नये.

राहिले दोन शेरे: लोणी एकाचे आणि पुठ्ठा दुसऱ्याचा. आमचे मत असे, की जे दोघांनी वेगवेगळे लिहिले ते निमूट मान्य करावे. जे एकानेच लिहिले ते ना मान्य करावे, ना झिडकारावे, तपासावे. तपासण्यासाठी एक युक्ती सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या घाण्यातली बाटली स्पर्धेला पाठविली, त्याच घाण्यातली एक बाटली घरी शीतकपाटात राखून ठेवावी. आणि गुणपत्रक आले म्हणजे ती उघडून, समोर कागद धरून, शब्दागणिक चाखावी. एरवी आपण कागद वाचतो तेव्हा जिभेवर काही नसते, आणि रिकाम्या जिभेने वाचलेली टीका मनालाच झोंबते.

भाच्याने तसे केले. राखलेल्या बाटलीस पुठ्ठ्याचा वास नव्हता. मग आठवण झाली, की स्पर्धेच्या बाटल्या ऐन उन्हाळ्यात दोन दिवस त्याच्याच गाडीच्या डिकीत राहिल्या होत्या. उष्णतेने बिअर लवकर शिळी होते. परीक्षकाने पेल्यात जे होते ते लिहिले; घरच्या बाटलीत ते नव्हते; दोघेही खरे. लोण्यासाठी त्याने दोन पेले घेतले. एक झाकून साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवला आणि निववून दुसऱ्याशी ताडून पाहिला. तापविलेल्यास लोण्याचा मंद वास आला. म्हणजे पूर्वरूप शिल्लक होते, आणि पहिल्या परीक्षकाचे नाक दुसऱ्याहून तिखट होते. नवव्या दिवशीच बाटल्या भरल्या होत्या, हे मग हळूच कबूल झाले.

एका बाबतीत मात्र परीक्षकांची बाजू घेणे आम्हांस जड जाते. ज्वारी जाणवत नाही असे त्यांनी लिहिले. पण ज्वारी जाणवणे म्हणजे काय, हे त्यांना कोठून कळावे? भाच्याची बाटली ३१-अ या वर्गात गेली होती. इतर धान्यांच्या बिअरचा हा वर्ग. कोणते धान्य वापरले ते स्पर्धकाने लिहिलेच पाहिजे आणि त्या धान्याने चवीत फरक पाडावा, अशी तेथे अपेक्षा असते. नियम उत्तम आहे. पण अमेरिकेत ज्वारी म्हणजे मुख्यतः गुराढोरांचे खाद्य, किंवा दक्षिणेकडील काकवी. भाकरी त्यांच्या स्मृतीत नाही. आफ्रिकेत हीच तक्रार उलटी झाली असती. दक्षिण आफ्रिकेत मका-ज्वारीची आंबट, गढूळ उम्कोंबोथी घरोघर होत आली आहे आणि तिला कोणी गढूळ म्हणून गुण कापीत नाही. नायजेरियाने १९८८ पासून जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीवर यावे लागले आणि लोकांनी ती बिअर प्यावयास सुरुवात केली. म्हणजे चव काही धान्यातच नसते, काही पिणाऱ्याच्या लहानपणात असते. ते लहानपण परीक्षकाच्या ठायी नाही, याबद्दल त्याला बोल लावता येत नाही. मात्र प्रवेशपत्रिकेवर वर्णनासाठी जी चार ओळींची जागा असते, ती भाच्याने नुसते 'ज्वारी, चाळीस टक्के' एवढे लिहून फुकट घालविली होती, हे आमच्या मते त्याच्या सर्व दोषांत मोठे. परक्याच्या पेल्यात आपली वस्तू ओतताना तिची ओळख करून देणे हे यजमानाचे काम आहे. तो शोध पाहुण्याने घ्यावयाचा नसतो.

दुसऱ्या घाण्याच्या वेळी त्याने आईला विचारले, ज्वारीची चव एका वाक्यात कशी सांगू? तिने दोन दिवस विचार केला. मग सांगितले, "तव्यावर भाकरी फुगते नि पापुद्रा सुटतो, त्याची वाफ." भाच्याने त्याचे इंग्रजी केले, आणि ती चव पेल्यात उतरावी म्हणून थोडी ज्वारी कोरडी भाजून घेतली. हे त्याचे स्वतःचे डोके. उरलेल्या ज्वारीच्या कण्या शिजवल्या, धुण्याचे पाणी पंच्याहत्तर अंशांवर जाऊ दिले नाही, यीस्टला सतरा दिवस दिले आणि बाटल्या थंड पेटीत घालून स्वतः पोहोचविल्या.

गुण तेहतीस आले. परीक्षक दुसरे होते, स्पर्धा दुसरी होती, तेव्हा सहा गुणांच्या वाढीचा फार अर्थ करू नये असे आम्ही त्यास बजावले आहे. परंतु तुरट, पातळ, लोणी, पुठ्ठा या चारांपैकी एकही शब्द या खेपेस नाही. एकाने 'भाजलेल्या धान्याचा, ताज्या रोटीसारखा सुवास, वर्णनाशी जुळतो' असे लिहिले. वर्णन वाचून नाकाला भास झाला असेल, असे म्हणण्याचा मोह आम्हांस झाला. बहिणीपुढे तो आवरला.

या खेपेचा दोष वेगळाच आहे. दोघांनीही लिहिले, की फेस टिकत नाही आणि वायू कमी पडतो. पाच गॅलनच्या घाण्याला बाटल्या भरतेवेळी साधारण सव्वाशे ग्रॅम साखर लागते. भाच्याने बाटल्या फुटण्याच्या धास्तीने नव्वदच घातली होती. याबाबत आईचा सल्ला घेतलास का, म्हणून आम्ही विचारले. घेतला होता. ती म्हणाली, "आमच्या आंबिलीत बुडबुडे कोणी मोजीत नाही. ते तुझं तू बघ."